पुरवणीवरचं दुसरं नाव

१

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर शहरातल्या एका चढाच्या गल्लीत इल्डा फुर्ताडोचं दोन बिऱ्हाडांचं लाकडी घर होतं. खाली इल्डा आणि तिची थोरली बहीण नतालिया, वर भाडेकरू. एकोणीस वर्षांत वरच्या बिऱ्हाडात सात भाडेकरू येऊन गेले आणि त्या सातांनी मिळून इल्डाला जे शिकवलं ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ‘चुलतभावाचा कुत्रा दोन दिवसांसाठी आलाय’ म्हणजे कुत्रा कायमचा आलाय. ‘खिडकी आधीपासूनच तडकलेली होती’ म्हणजे काल तडकली. आणि ‘मैत्रीण जरा राहायला आलीय’ म्हणजे वर्षभराने न्हाणीघराची जाळी उघडली, की तिच्या केसांचा बुचका निघणार.

या शेवटच्या प्रकाराची इल्डाला फार चीड. तिचा नियमच होता. चौदा रात्रींपेक्षा जास्त जो कोणी तिच्या छपराखाली झोपेल, त्याचं नाव कराराच्या कागदावर पाहिजे, नाहीतर त्याने चालू लागायचं. या नियमापुढे ती देवालाही सूट देणारी नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी ती सुपात घालायला चोरिसूचे, मसालेदार पोर्तुगीज सॉसेजचे, तुकडे करत होती. वर राहणारी रेने थिबो सातला निघाली. दातांच्या दवाखान्यात कामाला होती ती. तिची लाल गाडी उतारावरून वळताना इल्डाने खिडकीतून पाहिली, आणि त्याच वेळी डोक्यावर पावलं वाजली. स्वयंपाकघरातून मागच्या खोलीपर्यंत, आणि परत.

अनवाणी पावलं होती आणि सावकाश चालत होती. टाच टेकल्याचा आवाज येत नव्हता, नुसते चवडे वाजत होते.

"ऐकलंस?" इल्डाने सुरी वर रोखली.

नतालिया खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून रेडिओवरचं पोर्तुगीज प्रवचन ऐकत होती. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकर धरूनच चालायची आणि जिन्याकडे बघतही नसे. "काय ऐकायचंय?"

"पोरगी कामावर गेली. मग वर कोण फिरतंय?"

"असेल कोणीतरी. तरुण आहे ती. तुझ्यासारखा दगड नाही."

"नाव लावल्याशिवाय माझ्या घरात कोणी राहायचं नाही."

"बिचाऱ्या झेकाकडूनही लग्नाआधी अर्ज भरून घेतला होतास की काय?" नतालिया म्हणाली. झेका म्हणजे इल्डाचा गेलेला नवरा. दोघी हसल्या. वरची पावलं थांबली, जणू हसणं ऐकायलाच.

२

संध्याकाळी पाचला रेने जिना चढत होती तेव्हा इल्डा कमरेवर हात ठेवून खाली उभी होतीच.

"पोरी, तुझ्याकडे कोण राहतंय ते मला विचारायचं नाही. पण त्याचं नाव काय ते सांग."

"कुणीच नाही, मिसेस फुर्ताडो. मी एकटीच आहे."

"दिवसभर वर कोणीतरी चालतंय. मी काही बहिरी नाही."

रेनेने कठडा धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इल्डाला वाटलं, पकडली गेली ना, म्हणून. पण रेने एक पायरी खाली उतरली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्हालाही येतो आवाज? मला वाटायचं खालून येतो. तुमच्या बहिणीचा."

"माझी बहीण वॉकर घेऊन चालते. ठक, ठक. झोपलेलं मांजरसुद्धा ओळखेल तो आवाज."

"मागच्या खोलीचं दार मी बंद ठेवते," रेने म्हणाली. "बंद असलं की बरं असतं. तुम्ही एकदा येऊन बघाल का? प्लीज."

असल्या नाटकांना इल्डा भुलणार होती थोडीच! एका भाडेकरणीने तर लपवलेल्या नवऱ्यासाठी तिच्यापुढे अश्रू ढाळले होते, आणि नवरा कपाटात शिंकला होता. "येते ना," ती म्हणाली. "गुरुवारी सकाळी दहाला येते. रीतसर चिठ्ठी देऊन."

३

गुरुवारी ती वर गेली तेव्हा रेने कामावर गेलेली होती. इल्डाने तीनदा दार वाजवलं, "घरमालकीण" असा आवाज दिला, मग किल्ली लावली. वहाणा दाराशी काढून ती आत गेली.

एक माणूस राहतं ते घर लगेच ओळखू येतं. एक कप उपडा घातलेला, ब्रश एकच, खुंटीवर कोटही एकच. इल्डाने कपाटात पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. पुरुषाचा मोजाही सापडेना. तिला थोडी लाज वाटली आणि बरीच निराशा झाली.

मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. दोन्ही खुर्च्या मागे सरकवलेल्या होत्या. तिने एकीच्या बैठकीवर हात ठेवला. ती गार होती. दुसरीवर ठेवला आणि झटकन मागे घेतला. त्या खुर्चीत ऊब होती.

उन्हाने, तिने स्वतःला समजावलं. पण बाहेर आभाळ भरलेलं होतं आणि सकाळपासून उन्हाचा कवडसाही पडला नव्हता. मग हीटरमुळे. हीटर पलीकडच्या भिंतीला होता.

मागच्या खोलीचं दार उघडेना. कडी नव्हतीच त्याला, नुसती मूठ होती. मूठ फिरत होती पण दार हलत नव्हतं. लाकूड फुगलं असेल, असं म्हणून इल्डाने खांदा लावला. खांदा लावल्या लावल्या तिला आठवलं, लाकूड फुगतं ते जुलैच्या दमट हवेत. कडाक्याच्या थंडीत ते आकसतं, आणि दारं उलट खुळखुळतात. तिने खांदा काढून घेतला. दार आतल्या बाजूला इंचभर सरकलं. आतून कोणी टेकलं होतं आणि त्यानेही आता भार काढून घेतला होता.

उघडायचं होतं ना तुला, उघड की आता, असं ती मनात स्वतःलाच म्हणाली. पण तिने दार ओढून नीट लावलं आणि खाली आली. हातातल्या वहाणा तिने स्वयंपाकघरात आल्यावर घातल्या.

४

"प्रियकर असणार," तिची मैत्रीण ओदेत फोनवर म्हणाली. ओदेतचीही दोन बिऱ्हाडं भाड्याने होती आणि शहरात असा एकही भाडेकरू नव्हता ज्याच्याविषयी तिला मत नव्हतं. "तू आत शिरल्यावर घाबरून दाराला टेकून बसला असेल. बायकोपासून पळालेला असेल मेला."

"दिसलं तर काहीच नाही गं."

"म्हणूनच सांगते. जो कागदावर नाही त्याला तू काढणार कशी? आधी नाव लिहून घे. कागदावर आला की कागदानेच बाहेर काढता येतो. भांडत काय बसलीस?"

हा सल्ला काही वेडगळ नव्हता. घरमालकांच्या जगात हाच शहाणपणा समजला जातो. इल्डानेही तो पूर्वी दोनदा वापरला होता. तिने कराराला जोडायची पुरवणी काढली. ‘वरील जागेत राहणाऱ्या व्यक्ती दोन. पहिली, रेने थिबो. दुसरी,’ आणि पुढे रिकामी ओळ. ‘दुसऱ्या व्यक्तीस पहिल्या व्यक्तीइतकेच सर्व हक्क राहतील.’ दोन प्रती काढून दुपारीच तिने वरच्या दाराखालून आत सरकवल्या.

कागद पुरता आत जायच्या आधीच पलीकडून ओढला गेला, पण इल्डा तेवढ्यात उठून उभी राहत होती. गुडघे दुखत होते. तिला वाटलं, वाऱ्याने गेला.

५

शुक्रवारी सकाळी दोन्ही प्रती खालच्या पायपुसण्यावर पडलेल्या होत्या. नतालियाला डॉक्टरकडे न्यायचं होतं, टॅक्सी दारात उभी होती आणि नतालियाचा एक हातमोजा सापडत नव्हता. दुसऱ्या नावाची ओळ भरलेली दिसली एवढंच इल्डाने पाहिलं. आला वठणीवर, असं म्हणून तिने उभ्याउभ्या भिंतीवर कागद टेकून खाली मालकीण म्हणून सह्या ठोकल्या. एक प्रत वर सरकवून आली, दुसरी फाइलमध्ये घातली.

फाइल तिने पुन्हा उघडली ती दुपारी, चष्मा लावून.

दुसऱ्या ओळीवर नाव नव्हतंच. रेघा होत्या, एकीवर एक गिरवलेल्या आणि एवढ्या दाबून ओढलेल्या, की कागद पलीकडून उचलला गेला होता. शाईचा मात्र पत्ता नव्हता. लिहिणं ज्याने नेहमी कागदाच्या मागच्या बाजूनेच पाहिलंय, त्याने काढावं तसं ते दिसत होतं. इल्डाने बोट फिरवून पाहिलं आणि फाइल मिटली.

शनिवारी सकाळी रेने आली. वर न जाता तिने खालचंच दार वाजवलं.

"माझ्या दोन बॅगा आणायच्यात. तुम्ही माझ्याबरोबर याल?"

"हा कागद काय आहे ते आधी सांग," इल्डाने पुरवणी पुढे केली.

रेनेने ती हातातही घेतली नाही. "मी गुरुवारी कामावरून परस्पर आईकडे गेले. घरी आलेच नाही. हा कागद मी आत्ता बघतेय." तिने लांबूनच ओळी वाचल्या. "सर्व हक्क? मिसेस फुर्ताडो, ते फक्त मागच्या खोलीत असायचं. वर्षभर. मी दार लावलं की ते बाहेर यायचं नाही, मी घरात असेपर्यंत तरी. हे काय दिलंत तुम्ही त्याला?"

दोघी मिळून वर गेल्या. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत पडदे ओढलेले होते. रेनेने बॅगा उचलल्या त्या धावतच. जिन्यावर तिने इल्डाचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "फाडून टाका तो. आजच."

रेनेने बॅगा गाडीत फेकल्या आणि ती गेली. इल्डाने स्वयंपाकघरात येऊन कागदाचे चार तुकडे केले, शेगडीवर धरले, राख सिंकमध्ये वाहवली. मग ती तशीच उभी राहिली, कारण दुसरी प्रत वर होती.

६

रविवारी पावलं जिन्यावर आली. चर्चहून येऊन इल्डा कोट काढत होती तेव्हा ती तिला ऐकू आली. चवडे टेकत ती खालच्या दालनापर्यंत आली, थोडी थांबली, तळघराच्या दारापर्यंत जाऊन परत वर गेली. इल्डाने दाराच्या भोकातून पाहिलं. दालन रिकामं होतं.

मूळ करार तिच्या तोंडपाठ होता. जिना, दालन, तळघर आणि मागचं अंगण दोन्ही बिऱ्हाडांना सामाईक. तिनेच लिहिलं होतं. पोलिसांना सांगायचं तरी काय? माझी भाडेकरीण जिना वापरते म्हणून?

आपल्याला भास होतात, आता वय झालं, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. सोमवारी दुपारी ती नेहमीप्रमाणे चर्चच्या मुदपाकखान्यात गोड पावाचं पीठ मळायला गेली. परत आली तेव्हा नतालियाच्या पायांवर शाल नीट घडी घालून पांघरलेली होती.

"छान दिसतेस," इल्डा म्हणाली. "शाल कशी घेतलीस?"

"वरच्या बाईने दिली. येऊन बसली होती घटकाभर. मायाळू आहे हो."

"रेने शनिवारीच गेली."

"रेने नव्हे गं. दुसरी."

आवाज शक्य तितका साधा ठेवून इल्डाने विचारलं, "आत कशी आली?"

"दार वाजवलं, मी उघडलं. शेजाऱ्याला काय दारात उभं करायचं?"

"दिसायला कशी आहे?"

नतालियाने आठवायचा प्रयत्न केला. तिच्या कपाळाला आठी पडली आणि ती तशीच राहिली. "खिडकीकडे पाठ करून बसते ना ती. पाय चेपले माझे. किती बरं वाटलं म्हणून सांगू! एकटी आहे म्हणाली. जागा दोघांची आणि राहतेय एकटी. मला विचारत होती, जिना चढवेल का म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हळूहळू चढेन की."

इल्डाने त्या संध्याकाळी रडून घेतलं, सिंकचा नळ सोडून, नतालियाला ऐकू जाऊ नये म्हणून. आई गेली तेव्हा नतालिया अकरा वर्षांची होती आणि इल्डा तीन. आपल्या ताटातलं काढून तिने इल्डाला वाढवलं होतं. घर गेलं तरी चालेल, पण नतालिया नाही. तिने ओदेतला फोन केला. काही दिवस आम्ही तुझ्याकडे येतो म्हणाली. काही विचारू नकोस, उद्या तीनला गाडी घेऊन ये.

७

मंगळवारी ती नतालियाला सोडून कुठेही गेली नाही. सूप केलं, दोघी जेवल्या. अडीचला नतालिया खुर्चीत डुलक्या घेत होती. सुटकेस तळघरात होती. इल्डाने बाहेर पडून बिऱ्हाडाला कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि तळघरात उतरली. सुटकेस रंगाच्या डब्यांमागे होती. डबे बाजूला करायला फार तर तीन मिनिटं लागली असतील.

वर आली तेव्हा दार उघडं होतं. कुलूप फोडलेलं नव्हतं. आतून ते किल्लीशिवाय कोणीही उघडू शकतं, आणि आत नतालिया होती.

वॉकर जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभा होता.

"नतालिया!" इल्डाने वर हाक मारली. वरून नतालियाचं हसणं आलं, लहानपणी यायचं तसं. दोन वर्षांत एक पायरी न चढलेली बाई सोळा पायऱ्या चढून गेली होती.

इल्डा वर पोचली. दार साखळीवर होतं, चार बोटं उघडं. आतली खोली दुपारीही अंधारलेली होती. टेबलाशी नतालिया बसली होती, पाठमोरी. तिच्या चपला काढून नीट शेजारी ठेवल्या होत्या. पाय अनवाणी होते, आणि चवडे जमिनीवर टेकलेले असले तरी टाचा बोटभर वर उचललेल्या होत्या.

"नतालिया, चल घरी."

नतालियाने मान वळवली नाही. समोरच्या खुर्चीकडे बघत ती मान डोलवत होती. ती खुर्ची दाराच्या आड येत होती.

इल्डाने दाराला धडका दिल्या, साखळीत हात घालून ओढली, शिव्या घातल्या. काही हललं नाही. मग धापा टाकत ती थांबली आणि आयुष्यभर ज्या आवाजात तिने भाडेकरूंना वठणीवर आणलं होतं तो आवाज तिने काढला.

"ती माझी बहीण आहे. तिचं नाव कागदावर नाही. नाव नसलेलं माणूस इथे राहू शकत नाही. नियम आहे."

आत नतालियाचं मान डोलवणं थांबलं.

मग फटीतून कागद बाहेर आला. वरची प्रत होती ती. रेने थिबो या नावावर खोल, बिनशाईचा ओरखडा मारलेला होता आणि त्याच्याखाली जागा मोकळी होती. कागद फटीत तसाच धरलेला राहिला, कोणी वाट बघत असल्यासारखा. धरणारी बोटं इल्डाने पाहिली. ती उताणी होती की पालथी, हे कितीही बघितलं तरी कळत नव्हतं.

८

ओदेत तीनला येणार होती. खाली चढावरून एक गाडी गेली, पण तिची नव्हती. आत नतालियाची एक टाच आणखी थोडी वर सरकली.

इल्डाने एप्रनच्या खिशातून पेन काढलं. मालकिणीचं नाव भाडेकरूच्या जागी घालता येतं का, असा विचार तिच्या मनात आला, एकोणीस वर्षांची खोड होती ती, जाणार कुठे! तिने भिंतीचा आधार घेतला आणि मोकळ्या जागेत स्पष्ट अक्षरात लिहिलं, इल्डा फुर्ताडो.

"एकच माणूस आणखी," ती फटीत म्हणाली. "दोन म्हणजे दोनच. ती बाहेर आल्याशिवाय मी आत येणार नाही."

साखळी निघाली. नतालिया दारात आली, भिंतीला धरून, डुलकीतून उठवल्यासारखी. टाचा टेकलेल्या होत्या. इल्डाने आधी तेच पाहिलं. मग तिने तिच्या गालाला हात लावला आणि चपला तिच्या पायांत सरकवल्या.

"मी वर कशाला आले गं?"

"काही नाही. खाली जा. कठडा धर, वॉकर खाली आहे. तीनला ओदेत येईल, तिच्याबरोबर जा."

"आणि तू?"

"इथे जरा दार नीट लागत नाही," इल्डा म्हणाली. तिने हसून दाखवलं. "ते बघते. परत वर येऊ नकोस. माझी शपथ आहे. मी हाक मारली तरी येऊ नकोस."

नतालिया कुरकुरत एकेक पायरी उतरली. इल्डा आत गेली आणि तिच्या मागे साखळी लागली, ती तिने लावली नव्हती. तिने वळून पाहिलं नाही. तिचे कान जिन्याकडे लागले होते. दहा, अकरा, पायरी चुकली, नाही, सावरली. मग वॉकर उचलल्याचा खडखडाट, आणि ठक, ठक, ठक, बिऱ्हाडाच्या दारापर्यंत. रस्त्यावर ओदेतने भोंगा वाजवला. तिचा मोठा आवाज आला, "अगं, एकटीच? इल्डा कुठाय?"

गाडीचं दार लागलं. उतारावरून गाडी लांब जाईपर्यंत इल्डा उभी राहिली. ती गेल्यावर तिने मागे सरकवलेली खुर्ची पुढे ओढली, बसली, आणि समोर पाहिलं.